पापुद्र्याची मागची बाजू: बाल्साच्या ल्यूरच्या एका खेपेचा प्रकरण अभ्यास

बाल्सा या फार हलक्या, मऊ लाकडातून हाताने कोरलेल्या आणि हातानेच रंगवलेल्या ल्यूरची, म्हणजे मासे धरायच्या माशासारख्या नकली आमिषांची, एक खेप. नमुना सगळ्यांचा एकच: 7 सेंटिमीटर लांब, पोटाशी फुगीर, पुढे लिप (ल्यूरला पाण्यात डुलवणारी पारदर्शक पट्टी), पोटाला एक आणि शेपटीला एक असे दोन तिहेरी गळ. पाठ शेवाळी, कुशी चंदेरी, गळ्याखाली केशरी फवारा. थोडे दिवस पाण्यात वापरल्यावर त्यांतल्या बऱ्याच ल्यूरचा रंग सुटायला लागला, म्हणून करणारा तरुण ते घेऊन माझ्याकडे आला. तो हौशी होता, पण हात कच्चा नव्हता. दोन्ही कुशी सारख्या, लिपचा कोन सगळ्यांत एकच, खवले तर इतके रेखीव की नव्या नमुन्याला भिंगाखाली धरून पाहावेसे वाटावे.

त्याचे निदान तयारच होते. "दादा, या वेळी रंग दुसऱ्या कंपनीचा घेतला, त्यानेच दगा दिला. वरून पारदर्शक क्लिअरचा आणखी एक जाड हात मारला तर धरेल ना?"

रंग सुटला की दोष रंगाचा, हे इतके उघड वाटते की बहुतेक जण तिथेच थांबतात. या खेपेत दोन वेगळे दोष शेजारी शेजारी बसलेले होते. त्यांतला मोठा रंगात नव्हताच, आणि जाड हाताने दोन्हींपैकी एकही बरा झाला नसता.

हातात आले ते

आधी कामाची रीत विचारून घेतली. बाल्साचे अंग कोरून काचपेपरने गुळगुळीत केलेले. पोटात भोक पाडून शिसे बसवलेले आणि वर लाकडाची पुटी भरलेली. मग सँडिंग सीलरचा (लाकडाची छिद्रे बुजवणाऱ्या द्रवाचा) एक हात, पांढरा प्रायमर, त्यावर पाण्यात मिसळणारे अॅक्रिलिक रंग एअरब्रशने. शेवटी दोन भाग मिसळून कडक होणारी पारदर्शक एपॉक्सी (हाच क्लिअर) लावून ल्यूर फिरत्या चक्रावर चढवलेले, म्हणजे ओघळ येत नाहीत. "आणि एपॉक्सी कडक झाली की शेपटीला नि पोटाला बारीक भोक पाडून गळाचे आय-स्क्रू, म्हणजे कडीवाले स्क्रू, पिळले." हे शेवटचे तो जाता जाता बोलून गेला. मी तेवढेच वहीत टिपून घेतले.

वापरलेल्या ल्यूरवर तीन खुणा दिसत होत्या. शेपटीच्या आय-स्क्रूभोवती फोड आलेले, बोटाने दाबले की दबणारे. पोटाच्या मधोमध, पुटीपासून निघून शेपटीकडे गेलेली केसासारखी भेग. आणि चंदेरी कुशीवर क्लिअरचा पापुद्रा, जो नख लावताच उचलत होता.

कुशीवर गळाच्या टोकांनी ओढलेले कमानीसारखे ओरखडेही होते. त्यांच्यावर त्याचा बराच राग होता, पण भिंगातून पाहिले तर ते क्लिअरच्या वरच्यावर राहिले होते, रंगापर्यंत एकही पोहोचला नव्हता. आणखी एक संशय तपासून बाजूला ठेवला. मऊ प्लास्टिकची आमिषे रंगवलेल्या ल्यूरला चिकटून पडली तर त्यातले तेलकट द्रव्य रंगात उतरते आणि रंग चिकट होऊन वितळल्यासारखा होतो. त्याचा डबा उघडून पाहिला. तिथे तसली आमिषे नव्हती.

पापुद्रा उलटा करून पाहणे

रंग सुटला की तो कुठून सुटला हे पापुद्र्याच्या मागच्या बाजूवर लिहिलेले असते. ती वाचायला अर्धे मिनिट पुरते, तरी लोक पापुद्रा उपटून फेकून देतात आणि उघड्या पडलेल्या लाकडाकडे बघत बसतात. मागची बाजू स्वच्छ, पारदर्शक असेल आणि रंग अंगावरच राहिला असेल, तर क्लिअरने रंगाला धरले नाही. मागे रंग आहे आणि अंगावर पांढरे उरले आहे, तर रंगाने प्रायमर सोडला. मागे पांढरे आहे आणि खाली उघडे लाकूड, तर प्रायमरपासूनच पाया सुटला. दुरुस्ती तिन्हींची वेगळी.

शेपटीजवळचा फोड पात्याने कापून उलटवला. मागे पांढरा प्रायमर होता आणि त्या पांढऱ्यावर बाल्साचे बारीक तंतू चिकटलेले होते, जणू लाकडाची वरची साल रंगासोबत आली होती. म्हणजे रंगाने प्रायमरला धरले होते, प्रायमरने लाकडाला धरले होते. लाकडाचाच वरचा थर भिजून मऊ पडला आणि फाटला. खालचे लाकूड बोटाला गार लागत होते. नखाने दाबले तर खळगा पडून तसाच राहिला.

कुशीवरचा पापुद्रा मात्र वेगळेच सांगत होता. त्याच्या मागे चंदेरी रंग होता आणि अंगावर उरला तोही चंदेरीच. भिंगाखाली पापुद्र्याच्या पाठीवर खवल्यांची सगळी नक्षी उलटी उमटलेली दिसली: प्रत्येक खवला भुकटीसारखा चकाकणारा, आणि खवल्यांमधल्या राखाडी रेघा मात्र गुळगुळीत, अखंड. बोट फिरवले तर बोटाला चांदी लागली. थर दुसऱ्या थरापासून सुटला नव्हता, चंदेरी थर स्वतःच मधून दुभंगला होता.

एकाच ल्यूरवर दोन ठिकाणी दोन वेगळ्या खोलीवर रंग सुटत असेल, तर कारणही दोन शोधावी लागतात. इथे कपाटातल्या ल्यूरचा उपयोग झाला. खेपेतले काही नग पाण्यात गेलेच नव्हते; त्याच दिवशी, त्याच रंगाने, त्याच हाताने झालेले. त्यांच्या शेपटीला फोड नव्हता, पोटाला भेग नव्हती. पण कुशीवर पात्याने छोटी चीर देऊन चिकटपट्टी दाबली आणि झटक्यात ओढली, तर कोऱ्या ल्यूरचाही पापुद्रा चांदीसकट निघाला. म्हणजे कुशीचा दोष जन्मापासूनचा होता. शेपटीचा आणि पोटाचा दोष पाण्याने आणलेला.

पाणी शिरले कुठून

त्याचे म्हणणे पडले की पोटाच्या भेगेतून. दिसायला तसेच दिसते. भेग उघडी, लाकूड ओले, शंकेला जागा नाही.

गळ काढून एक वापरलेला ल्यूर छोट्या वजनकाट्यावर ठेवला. कपाटातल्या जोडीदारापेक्षा तो जवळपास एक ग्रॅमने जड भरला. मग कपाटातला एक कोरा, भेग नसलेला ल्यूर हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून दाबून धरला. आतली हवा तापते, फुगते आणि जिथे वाट मिळेल तिथून बुडबुडे काढते. शेपटीच्या आय-स्क्रूच्या मुळाशी बारीक बुडबुड्यांची माळ लागली. पोटाच्या स्क्रूपाशी थोडी, एका नगात लिपच्या खाचेच्या कोपऱ्यातही. रंगवलेल्या पृष्ठभागावर कुठेही एक बुडबुडा नाही.

ज्या ल्यूरला अजून भेगच नाही त्याची वाट शेपटीला उघडी आहे, तर भेग हे दार नव्हे. पाणी आधी शेपटीतून गेले, भेग नंतर पडली.

का पडली, ते लाकडाच्या स्वभावात आहे. लाकूड ओलाव्याने रेषांच्या आडव्या दिशेत फुगते, लांबीच्या दिशेत जवळजवळ नाहीच. बाल्सा पूर्ण ओल्याचे पूर्ण कोरडे होईपर्यंत वर्षवलयांच्या कडेकडेने सुमारे 7 ते 8 टक्के आकसते, गाभ्यापासून बाहेरच्या दिशेने सुमारे 3 टक्के; लांबीत टक्क्याचा अंश. या ल्यूरची उंची 19 मिलिमीटर. त्यावर नुसता एक टक्का फुगवटा म्हणजे 0.19 मिलिमीटर, आणि एवढी फट डोळ्यांना स्वच्छ दिसते. ल्यूरमध्ये रेषा नाकापासून शेपटीकडे धावतात, म्हणून ताण आडवा बसतो आणि भेग लांबीने पडते. जुन्या लाकडी ल्यूरवर संग्राहकांना ज्या बारीक लांब भेगा दिसतात त्यांच्यामागेही हेच असते: लाकूड हलत राहते, वरचा कडक रंग हलत नाही.

भेग पुटीपासूनच का सुरू झाली, तेही यातूनच कळते. पुटी भिजून फुगत नाही, भोवतीचे लाकूड फुगते. दोघांच्या सीमेवर ताण साठतो आणि पहिला तडा तिथे जातो.

शेपटीचे भोक तर सगळ्यांत वाईट जागी होते. तिथे लाकडाच्या रेषांची टोके उघडी असतात आणि पाणी त्यांतून लांबवर आत धावते. कुशीला पडलेल्या भोकातून पाणी शिरायला वेळ लागतो, शेपटीच्या भोकातून नाही. त्यात आय-स्क्रू कोरडाच पिळलेला, भोकात ना सीलर ना गोंद. बाल्सासारख्या मऊ लाकडात स्क्रूचे आटे लाकूड चेपत जातात, आणि प्रत्येक ओढीने आय-स्क्रू किंचित हलतो. वरची एपॉक्सी कितीही सुंदर असली तरी तिच्यातून सरळ आरपार भोक पाडून ठेवल्यावर ती काय करणार? पुढे शेवाळी पाठ उन्हात तापली की आतली ओली हवा फुगते, मऊ पडलेल्या लाकडावरून रंग उचलते, आणि फोड येतो.

सीलरनेही साथ दिली नव्हती. सँडिंग सीलरचा एक हात लाकडावर बसला होता, लाकडात उतरला नव्हता. कापलेल्या फोडाखाली लाकडाचा रंग पहिल्या मिलिमीटरपासूनच कोऱ्या बाल्सासारखा होता.

जाड हात का नको

हा हिशेब त्याच्यासमोर कागदावर मांडला, कारण "आणखी एक हात" हा या धंद्यातला सर्वांत आवडता उपाय आहे.

एवढ्या अंगाचे आकारमान ठोकळ मानाने 11 घन सेंटिमीटर, म्हणजे ते बुडाले की 11 ग्रॅम पाणी बाजूला सारते. शिसे, लिप, गळ धरून तयार ल्यूर 8 ग्रॅमचा. उरलेला 3 ग्रॅमचा उठाव, त्यावर त्याचे तरंगणे. बाल्साची घनता घन सेंटिमीटरला साधारण 0.1 ते 0.2 ग्रॅम, तेव्हा त्यातले लाकूड जेमतेम दीड-दोन ग्रॅम आहे. अंगाचा पृष्ठभाग सुमारे 30 चौरस सेंटिमीटर. त्यावर 0.3 मिलिमीटर जाडीचा एपॉक्सीचा हात म्हणजे 0.9 घन सेंटिमीटर. एपॉक्सी पाण्यापेक्षा थोडी जड, तेव्हा एक ग्रॅम. तो थर पाणीही जवळपास तेवढेच बाजूला सारतो, म्हणून उठाव फारसा जात नाही, पण एका हातात लाकडाच्या निम्म्याहून अधिक वजन वाढले. शिवाय शिसे पोटात, खाली असते. एपॉक्सी पाठीवरही तितकीच बसते. वजन वर सरकले की ल्यूरचे डुलणे सुस्तावते. बाल्सा घ्यायचा तो त्या चपळ डुलण्यासाठी, आणि ते एपॉक्सीत बुडवायचे असेल तर बाल्सा कशाला, साधे जड लाकूड घ्यावे.

एवढे करून शेपटीचे भोक तसेच उघडे राहिले असते. वरून एपॉक्सी धारदार कडांवरून पृष्ठताणाने मागे सरते. खाचेच्या कडेला, शेपटीच्या धारेला थर सर्वांत पातळ बसतो, आणि नेमकी तीच कमजोर ठिकाणे. पहिल्या हाताची एपॉक्सी पूर्ण कडक झाली असेल तर तिच्यावर काचपेपर न फिरवता मारलेला दुसरा हातही पुढे पापुद्र्यासारखाच सुटू शकतो.

चांदीचा दोष

चंदेरी थराबद्दल त्याला खोदून विचारावे लागले. बाटलीतला चंदेरी रंग त्याला फिका वाटला, म्हणून त्यात मोत्यासारखी चमक देणारी भुकटी वरून घातली. मग मिश्रण एअरब्रशच्या नळीत अडकू लागले, म्हणून पाणी वाढवले. दोन्ही गोष्टी एकाच दिशेने गेल्या. रंगातला बांधणारा द्रव आधी भुकटीने तोकडा पडला, मग पाण्याने विरळ झाला. चकाकणारे कण अंगावर बसले, पण त्यांना एकमेकांशी बांधायला फारसे काही उरले नाही. नव्या कंपनीच्या रंगाचा यात काही दोष नव्हता. तोच रंग खवल्यांमधल्या राखाडी रेघांत भुकटीविना होता आणि तिथे तो घट्ट होता.

त्याची खवल्यांची पद्धत चोख होती, ती इथे नोंदवायलाच हवी. कुशी आधी राखाडी. ती पूर्ण सुकल्यावर जाळीचे कापड अंगाला ताणून पाठीमागे चिमट्याने आवळायचे, कुठेही सैल पडू द्यायचे नाही. मग जाळीतून चांदीचा फवारा, हात न थांबवता, पातळ. जाळीच्या दोऱ्यांखालचा राखाडी रंग झाकलेला राहतो आणि खवल्याच्या कडा बनतो. भोकांतून चांदी पडते आणि खवला बनतो. रंग ओला असताना जाळी सरकली की कडा फिस्कटतात, म्हणून ती सरळ वर उचलायची. हे सगळे त्याला जमत होते. नक्षी सुबक आली, पण कुशीचा मोठा भाग खवल्यांनीच व्यापलेला असल्याने क्लिअरला धरायला दुबळी चांदीच जास्त मिळाली. रेघा धरून होत्या, पण त्यांनी किती धरावे?

मासा खवले मोजत नाही, हे खरे. अंधूक पाण्यात त्याला आकार, हालचाल आणि कुशीची चमक एवढेच पोहोचत असावे असे माझे मत आहे. खवले माणसासाठी असतात, आणि त्यात वाईट काही नाही. चमक मात्र दोघांनाही हवी, आणि ती भुकटीनेच आणावी लागते असे नाही. 1936 साली फिनलंडमध्ये लॉरी रापाला यांनी आपला सुरुवातीचा ल्यूर बुचापासून कोरला तेव्हा चमकेसाठी चॉकलेटची चंदेरी वर्खी गुंडाळली होती आणि पाणी आत जाऊ नये म्हणून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून वरून थर दिला होता. वर्खी हा अखंड पत्रा असतो, त्यात भुकटीसारखे सुटे कण नसतात. आजही कुशीवर वर्खी लावून वर रंग उडवणारे लोक आहेत. मात्र वर्खीखाली लाकूड नीट सीलबंद नसेल तर तिच्याखालीही फोड येतोच.

दुरुस्ती

वापरलेले ल्यूर लाकडापर्यंत सोलायचे ठरले. हेअर ड्रायरने एपॉक्सी मऊ करून बोथट पात्याने उचलली. बाल्साला पाते लागले की घाव पडतो, म्हणून धारेचे पाते बाजूला ठेवले. लिप अंगाला चिकटलेली असताना अॅसिटोनला हात लावायचा नाही, हे त्याला बजावले. लिप पॉलिकार्बोनेटची असते आणि अॅसिटोन तिच्यावर पांढरट जाळे आणून तिला ठिसूळ करतो.

मग कोरडे करणे. यात घाई करणारे पुन्हा तिथेच येतात. ओल्या लाकडावर सीलर मारला तर ओल आत कोंडते. कोरडे झाले की नाही, हे हाताने कळत नाही, वजनकाट्यावर कळते. ल्यूर हवेशीर जागी टांगून रोज त्याच वेळी वजन करायचे आणि आकडा पडायचा थांबला की पुढे जायचे. उन्हात किंवा ड्रायरखाली ठेवून लवकर सुकवले तर वरचे लाकूड आधी आकसते आणि भेगा वाढतात.

सर्वांत मोठा बदल क्रमात झाला. भोके, लिपची खाच, शिशाची जागा, सगळे कापून झाल्यावरच सीलर. अंग ड्रायरखाली थोडे गरम करायचे, मग पातळ केलेली एपॉक्सी आधी भोकांत आणि खाचेत, नंतर अंगावर. लाकूड थंड होत जाते तशी आतली हवा आकसते आणि सीलर आत ओढला जातो. शेवटच्या क्लिअरला हेच उलटे लक्षात ठेवावे लागते. खोली तापत असेल किंवा थंड ल्यूर उबदार खोलीत आणून लगेच क्लिअर लावला, तर लाकूड गरम होताना हवा बाहेर येते आणि एपॉक्सीत टाचणीच्या टोकाएवढी भोके पाडते. म्हणून ल्यूर आणि खोली दोन्ही एका तापमानाला येऊ द्यायची.

आय-स्क्रू आता रंगाआधी एकदा पिळून आटे पाडून घेतो, सीलर भोकात सुकल्यावर भोक पुन्हा मोकळे करतो, आणि शेवटी आटे एपॉक्सीत बुडवून बसवतो. मुळाशी एपॉक्सीची छोटी कडी राहते ती पुसायची नाही. लिपची खाच काचपेपरने खरबरीत करून लिपही एपॉक्सीतच बसवायची. बाहेर दाबून आलेली एपॉक्सी तेवढी अल्कोहोलच्या बोळ्याने पुसायची, कारण लिपवर गाठ राहिली की ल्यूर एका अंगाला धावतो.

चांदीसाठी भुकटी बंद केली नाही, कमी केली, आणि पाण्याऐवजी रंगाच्याच पारदर्शक माध्यमाने मिश्रण पातळ केले. चांदीवर त्या माध्यमाचा एक पातळ फवारा, प्रत्येक थरामध्ये ड्रायरची कोमट हवा. धरते की नाही हे ल्यूरवर नव्हे, त्याच बाल्साच्या काडीवर पाहिले. पात्याने उभ्या-आडव्या सहा सहा चिरा पाडून चिकटपट्टी ओढायची. आयएसओ 2409 या मानकातली ही चाचणी, 0 म्हणजे एकही चौकोन सुटला नाही आणि 5 म्हणजे 65 टक्क्यांहून अधिक भाग गेला. मऊ पृष्ठावर चिरांत 2 मिलिमीटर अंतर ठेवायचे. मानकाची मर्यादा 250 मायक्रॉन जाडीपर्यंतची आहे आणि एपॉक्सीसकट जाडी त्यापलीकडे जाते, म्हणून चाचणी क्लिअरच्या आधी घेतली. जुन्या मिश्रणाची काडी पट्टीला अर्धी चांदी देऊन आली. नव्या मिश्रणाच्या काडीवर चिरांच्या कडेला जेमतेम दोन-चार कण निघाले.

क्लिअर मात्र त्याने पूर्वीसारखाच एक पातळ हात लावला. त्या दिवशी हवा दमट होती आणि दुसऱ्या दिवशी एपॉक्सीवर मेणासारखा तेलकट थर दिसला तेव्हा तो पुन्हा घाबरला. काही एपॉक्सींचा हार्डनर, म्हणजे कडक करणारा भाग, दमट हवेत असा थर आणतो. कोमट पाण्याने धुतला की जातो. तो न धुता वर दुसरा हात मारला असता तर ती नवी तक्रार झाली असती.

पुढे काय झाले

दुरुस्त केलेले ल्यूर पाण्यात जाण्याआधी गरम पाण्यात बुडवून पाहिले. शेपटीशी बुडबुडा आला नाही. एका नगात लिपच्या खाचेतून येत होता. ती खाच पुन्हा भरली. नंतर वापरात आल्यावर रोज संध्याकाळी वजन करायची सवय त्याने लावून घेतली आहे, आणि आकडा हलत नाही.

पोटाचा प्रश्न अर्धाच सुटला. सुरुवातीच्या काही नगांत शिशावर पुन्हा पुटीच भरली होती, आणि त्यांतल्या एकाच्या पुटीभोवती केसासारखी रेघ दिसू लागली, लाकूड कोरडे असूनही. पाणी नसले तरी हवेतल्या ओलाव्याने लाकूड थोडे हलतेच. म्हणून पुढच्या नगांत पुटीऐवजी बाल्साचीच गुटी, तिच्या रेषा अंगाच्या रेषांना समांतर ठेवून बसवली. त्या अजून शाबूत आहेत, पण उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही पाहिल्याशिवाय मी त्याला हमी दिलेली नाही.

कपाटातले कोरे ल्यूर तसेच आहेत. त्यांची लाकडे सुकी आहेत, शेपटीचे आय-स्क्रू काढून, भोक सीलबंद करून पुन्हा बसवता येतील. पण कुशीची चांदी सुटणारच. सुटलेल्या भागाखाली पातळ सुपरग्लू सोडून पाहावा, असे त्याने सुचवले. एका नगावर करून पाहिले. पापुद्रा धरला, पण खाली पांढरट धुके पसरले आणि चकाकी गेली. मी त्याला म्हटले, बाकीचे प्रायमरपर्यंत घास आणि पुन्हा रंगव. त्याला ते खवले पुसवत नाहीत. शेवटी त्यातले दोन घासायला घेतले आहेत, बाकीच्यांचे गळ काढून ठेवले आहेत.